पाचवं फडकं

मिस्त्रीकडे गाडीचं चेंबर उतरवायचं म्हणजे ड्रायव्हरला सातपर्यंत आकडे यावे लागत. थट्टा करत नाही. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला ड्रायव्हर, तरी त्या परीक्षेत एकदा नापास झालो. ते पुढे सांगतो.

महाडच्या बाजारातून पोलादपूरच्या रस्त्याला लागलं की शेवटच्या घरांच्या पुढे एका आंब्याखाली पत्र्याचं छप्पर होतं. तेच त्याचं गॅरेज. आत एक खड्डा, खड्ड्यावर गाडी आणि गाडीखाली तो. इंजिनाच्या पोटाशी तेलाचं जे पत्र्याचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. तेल गरम असतानाच घमेल्यात सोडायचं, वीस-बावीस बोल्ट ढिले करून चेंबर खाली घ्यायचं, आतला काळा गाळ बांबूच्या कामटीने खरवडायचा, घासलेटने धुवायचं, तेल ओढणाऱ्या जाळीची छिद्रं कोंबडीच्या पिसाने साफ करायची आणि सगळं परत जागच्या जागी लावायचं. हे काम त्याच्यासारखं करणारा दुसरा माणूस त्या रस्त्यावर नव्हता. त्याचे बोल्ट करवंटीत असत, बुचाचं पॅकिंग रात्रभर पाण्यात फुगत असे, आणि त्याने लावलेलं चेंबर कधी गळलं असं मी ऐकलं नाही.

पण लावायच्या आधी फडक्यांची मोजणी व्हायची. पुसायची फडकी सात. पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असं करत सातवं फडकं म्हणजे जवळजवळ नुसत्या गाठीच. खड्ड्यातून हात वर यायचा. "एक गाठ!" ड्रायव्हरने फडकं हातात घेऊन म्हणायचं, "एक गाठ." मग दोन, मग तीन. ड्रायव्हरने "सात" म्हटल्याशिवाय बोल्टाला पाना लागत नसे.

लोक हसायचे. "मिस्त्री, शाळा किती वाजता सुटते?" असं विचारायचे. तो पुढचं फडकं वर करायचा. एकदा मुंबईचे एक डॉक्टर महाबळेश्वरला निघालेले, जुनी टपाची मोटर घेऊन. इंजिनातून खडखड यायला लागली म्हणून इथे थांबले. मोजणीची वेळ आली तेव्हा म्हणाले, "मला हे पोरखेळ सांगू नका, उशीर होतोय." मिस्त्री खड्ड्यातून वर आला, हात धुतले आणि आंब्याखाली जाऊन बसला. चेंबर गोणपाटावर तसंच पडलेलं. तासभर झाला. शेवटी डॉक्टर त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "डाक्टर, तुमी मानसाचं पोट फाडता, मंग शिवायच्या आधी आतली फडकी मोजता का नाय?"

डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकलं. "मोजतो," म्हणाले.

"मंग ह्येचं बी पोटच हाय."

डॉक्टरांनी सातही फडकी मोजली, आणि जाताना त्याला नमस्कार केला. आम्हाला त्यात गंमत वाटली. हा माणूस कशाला भ्यायलाय असं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसरी खोड म्हणजे तो गाडीत बसायचा नाही. त्याचं गाव नाते. शनिवारी संध्याकाळी काम संपलं की तो चालत निघायचा आणि सोमवारी सकाळी चालत यायचा. भर पावसातही इरलं घेऊन चालत. आम्ही गाडी थांबवून हाका मारायचो. तो हात हलवून पुढे जा म्हणायचा. एकदा मी फारच आग्रह केला तर म्हणाला, "ज्याचं पोट मी बगितलंय, त्याच्यात मी बसत नाय." आणि त्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्यांची पोटं त्याने बघितलेली.

गाळ वाचायचा तो. चिमूटभर गाळ अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, उन्हात धरायचा, आणि त्यात चकाकी दिसली की सांगायचा, तुझं बेरिंग झिजतंय, पंधरा दिवस हाय तुज्याकडं. "सोनं मिळालं काय मिस्त्री?" कोणीतरी हमखास विचारायचं. त्याचं म्हणणं खोटं ठरल्याचं मला आठवत नाही.

आता माझ्या नापास होण्याची गोष्ट. माझी लॉरी खड्ड्यावर होती. तो एकेक फडकं देत होता आणि मी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाशी तरी बोलत होतो. खालून आकडा आला की तोच परत म्हणायचा, एवढंच चाललं होतं. "सात," मी म्हणालो. मग त्याने मूठ वर काढली आणि उघडली. पाच गाठींचं फडकं मुठीतच होतं. माझ्या हातात सहाच होती.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. रागावला की त्याला मुंबईची हिंदी सुचायची, लढाईच्या वेळी तो तिथल्या लष्करी डेपोत कामाला होता. पण तो चिडला नाही. खड्ड्यातून माझ्याकडे बघत राहिला आणि हळू म्हणाला, "तू असाच हायस. न बगता सांगतोस."

मला राग आला. एका फडक्यावरून एवढं काय, असं वाटलं. तो फडक्यांबद्दल बोलत नव्हता, हे समजायला मला पुढची चार वर्षं लागली.

तो आधी असा नव्हता. ज्यांनी त्याला नंतर बघितलं त्यांना खरं वाटणार नाही, पण आधी तो त्या रस्त्यावरचा सगळ्यात बढाईखोर माणूस होता. त्याची बढाई म्हणजे दोन बिड्या. धुतलेलं चेंबर हातात दिलं की दोन बिड्या संपायच्या आत शेवटचा बोल्ट आवळून दाखवायचा. ड्रायव्हर लोक भोवती उभे राहायचे, कोणीतरी बिडी पेटवायचा, आणि दुसऱ्या बिडीचं थोटूक पडायच्या आत खालून आरोळी यायची, "चलाव!" आम्ही टाळ्या वाजवायचो.

तेव्हा गाठींची सात फडकीही नव्हती. रिवाज असा होता की ज्याची गाडी त्याची फडकी. ड्रायव्हरची बायको जुनं लुगडं फाडून तुकडे करून द्यायची. कापड तेव्हा टाकण्यासारखं स्वस्त नव्हतं. काम झालं की तेलकट फडकी पुरचुंडीत परत जायची, घरी राखेने धुतली जायची आणि पुढच्या वेळी परत यायची. प्रत्येक बाईला आपण किती तुकडे दिले ते माहीत असायचं.

गणू आमच्याच शेठकडे ड्रायव्हर होता. पोलादपूरच्या पुढे डोंगरात त्याची वाडी. घरी बायको आणि म्हातारा बाप. निर्व्यसनी माणूस, चहासुद्धा अर्धाच घ्यायचा. लढाईनंतर लिलावात घेतलेली एक हिरवी लॉरी शेठने त्याला दिली होती. तिच्या तेलाचा काटा जन्मभर एकाच जागी. शेठला दहादा सांगूनही तो बदलला नव्हता. म्हणून गणू रोज सकाळी इंजिनात बुडवलेली पट्टी काढून तेल बघायचा, आणि घाट चढायच्या आधी परत बघायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी शंभरदा पाहिलेलं आहे. हे वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं.

त्या दिवशी लॉरीचं चेंबर धुवायला उतरवलेलं होतं. कौलं भरून खेडला जायचं होतं. गणूच्या वाडीतला शेजारचा तरणा माणूस, खेडला कामाला निघालेला, तोही बरोबर जायला येऊन बसलेला. शेठ हॉर्न वाजवत होते. मिस्त्रीने खालून विचारलं, "बिडी कोन पेटवतो?" पेटवली मी.

लॉरी कशेडीच्या घाटात अर्ध्यावर चढली आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. भरलेली गाडी, चढ, जुने ब्रेक. ती मागे आली आणि वळणावरून खाली गेली. दोघेही गेले.

चार दिवसांनी लॉरीचा सांगाडा ओढून गॅरेजपुढे आणला. पडताना चेंबरला चीर गेली होती, आत तेल उरलं नव्हतं. फौजदार आले. मिस्त्रीला म्हणाले, चेंबर खोल आणि इंजिन का आवळलं ते सांग. पंच म्हणून दोघे घेतले, एक शेजारचा हॉटेलवाला आणि एक मी, लिहिता येतं म्हणून. बोल्ट निघायला लागले तेव्हा मी मान फिरवली. गणूची एक वहाण अजून पेडलच्या मागे अडकलेली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं, मिस्त्रीच्या हातांकडेही बघवत नव्हतं. मी आंब्याकडे बघत उभा राहिलो. मागून मिस्त्रीचा आवाज आला, "जाळी साफ हाय. आत काय नाय. तेलच नव्हतं. डायवरनं बगितलं नसंल."

पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. 'आम्ही समक्ष पाहिले' असं त्याखाली होतं. मी सही केली.

त्या एका कागदाने गणू परत एकदा मेला. तेल न बघता घाटात गाडी घालणारा ड्रायव्हर, असं त्याचं नाव पडलं. दोन महिन्यांत त्याला दारूही चिकटली. वाडीत शेजारच्यांनी आपला माणूस गणूनेच मारला असं धरलं आणि दोन्ही घरांमधलं बोलणं संपलं. एका दगडी गडग्याच्या दोन बाजूंना घरं, पण विस्तवसुद्धा इकडचा तिकडे जाईना. गणूचा म्हातारा बाप देवळात जायचा बंद झाला.

महिन्याभराने गणूची बायको गॅरेजवर आली. त्याचा पत्र्याचा डबा आणि फडक्यांची पुरचुंडी न्यायला. मी तिथे होतो. तिने पुरचुंडी तिथेच उघडली, फडकी एकावर एक ठेवली आणि म्हणाली, "मिस्त्रीदादा, मी पाच दिलीवती. ही चारच हायत."

हिरव्या लुगड्याची फडकी, तांबड्या काठाची. मिस्त्री हातातला पाना पुसत होता. तो पुसतच राहिला.

"सापडंल, वयनी," तो म्हणाला. "सापडलं की देतो."

मी मनात म्हटलं, नवरा गेला आणि ही बाई फडकी मोजते आहे. माझ्या अकलेचा हा असा उजेड. पुढच्या वर्षी ती बाजाराला आली तेव्हा परत दारात उभी राहिली. "सापडलं काय, दादा?" त्याच्या पुढच्या वर्षीही. कधी आवाज चढवला नाही, कधी आत आली नाही. ती येऊन गेली की मिस्त्री त्या दिवशी काही काम करत नसे. तिच्या पहिल्या फेरीनंतरच त्याने घरची फडकी आणायला बंदी केली, स्वतःची सात फडकी केली आणि त्यांना गाठी मारल्या. दोन बिड्यांचा खेळ तर आपोआपच संपला होता. त्याच्यापुढे कोणी बिडी पेटवली तरी तो उठून जायचा.

आठ वर्षं अशी गेली. मग तो आजारी पडल्याचं कळलं. पोटात दुखणं होतं, अन्न ठरत नव्हतं. महाडला डॉक्टरकडे न्यायला आम्ही तिघे ड्रायव्हर तीन गाड्या घेऊन नात्याला गेलो. तो गाडीत बसेना. "डोली करा, नायतर पडू द्या," म्हणाला. शेवटी लोकांनी डोली केली आणि पुढे-मागे आमच्या रिकाम्या गाड्या चालल्या. जगात अशी वरात कुठे निघाली नसेल. डॉक्टरांनी तपासलं आणि परत न्या म्हणून सांगितलं. परतही डोलीतूनच.

नात्याला पोचल्यावर त्याने मला एकट्याला आत बोलावलं. उशाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढायला लावला. डब्यात एक फडकं होतं. तेलाने काळं आणि झाडाच्या सालीसारखं कडक. एका कडेला तांबडा काठ दिसत होता. मी ते खिडकीशी नेलं तर त्यात बारीक बारीक चकाकत होतं. वितळलेल्या बेरिंगचा कीस होता तो.

"वरून थेंब डोळ्यांत पडतात," तो म्हणाला. "चेंबर खाली घेतल्यावर. म्हनून मी क्रँकच्या बाजूला फडकं कोंबून ठेवायचो. त्या दिवशी काढायचं ऱ्हायलं. जाळीला जाऊन चिकाटलंवतं. तेल ओढायला जागाच नाय. पंचनाम्याला हात घातला, तर ते हाताला लागलं. कमरंला खोवलं."

मी फडकं परत डब्यात ठेवलं.

"दर शिमग्याला ठरवायचो, आता जायाचं. दोनदा पोलादपूरपर्यंत चालत गेलो. नदीच्या पुलावरनं मागं फिरलो. तू नेऊन दे."

"मी काय सांगू त्यांना?"

"मी बगितलं ते लपवलं, आनि तू बगितलंच नाय. दोनी सांग."

तो तिसऱ्या दिवशी गेला. मला त्याची दया आली, आणि संतापही आला. त्याने आठ वर्षं जे ओझं चालत वाहिलं ते मरताना माझ्या गाडीत टाकलं होतं. मी त्याच्याहून शूर निघालो असं समजू नका. तो डबा सगळा पावसाळाभर माझ्या सीटखाली होता. आठवड्यातून दोनदा मी त्या वाडीच्या पायवाटेपुढून जायचो आणि पुढे बघत गाडी हाकायचो. दरडी पडल्यात, वाट निसरडी आहे, भात कापणीला आलंय, लोक कामात असतील, कारणांना काय तोटा. शेवटी एका सकाळी कशेडीच्या त्या वळणावर माझं इंजिन उगाचच जरा धापलं. काही झालेलं नव्हतं. तरी मी गाडी थांबवून, पट्टी काढून तेल बघितलं. मी गाडी वळवली.

वाडीत दुपारची वेळ होती. गणूची बायको अंगणात नाचणी वाळत घालत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि उघडला. तिने फडकं उचललं, काठ बोटांनी चोळून बघितला आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ती चार फडकी होती, धुतलेली, घडी घातलेली. तिने ती पडवीच्या कडेवर एकेक मांडली आणि शेवटी काळं फडकं त्यांच्या शेजारी ठेवलं.

"पाच," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. दोन्ही सांगितलं. माझं संपल्यावर पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या सासऱ्याकडे तिने बोट केलं. "मामंजींना सांगा. मोठ्यानं सांगा, त्यांना ऐकू कमी येतं."

मी म्हाताऱ्याच्या पुढ्यात उकिडवा बसलो. "बाबा, गणूची चूक नव्हती. मिस्त्रीकडून फडकं इंजिनात राहिलं होतं."

"काय?" म्हातारा म्हणाला.

मी आवाज चढवला. "गणूची चूक नव्हती! त्यानं तेल बघितलं होतं! मिस्त्रीनं फडकं लपवलं, आणि मी न बघता सही केली!"

"काय म्हनतोस?"

मी उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं. इतकं की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मला लाज वाटत होती, आणि म्हातारा तसाच माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचे डोळे वाहत होते.

"बाबा, ऐकू आलं का?" मी विचारलं.

"पयल्या येळीच आलं रे," म्हातारा म्हणाला. "तू बोल. गडग्याच्या पलीकडं जाऊ दे."

पलीकडच्या अंगणात कोणीतरी लाकडं फोडत होतं. तो आवाज थांबला. मी गडग्याकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून परत सांगायला लागलो.